बिशपस्वामींनी गमावलेला गुरुवार

लेखनिक : “…आणि त्याच क्षणी दैवी प्रेरणेने स्वामींनी आपले मुखकमल पश्चिम दिशेस वळविले, तो काय आश्चर्य! क्षितिजावर अज्ञात भूमी प्रकटली.” येथवर झाले, स्वामी. पुढे सांगावे.

बिशप : मुखकमल खोड.

लेखनिक : खोडू? हे पत्र साक्षात राजेसाहेबांच्या हाती पडणार. आपण त्यांनी नेमलेले बिशप. आपणांस नुसते तोंड असून कसे चालेल?

बिशप : त्या क्षणी मी गलबताच्या कठड्यावरून ओकत होतो, सेब्रियान. तोंड पश्चिमेकडे होतं एवढं खरं. कारण पूर्वेच्या कठड्यावर तू ओकत होतास.

लेखनिक : अशा गोष्टी इतिहासात लिहावयाच्या नसतात.

बिशप : मग “दैवी प्रेरणेने” हेही खोड. वारा पडला होता. रिकामं पिंप ओढ्यातून वाहत जातं, तसे आपण प्रवाहाबरोबर वाहत गेलो. सरळ लिही, ‘पनामाहून दक्षिणेस निघालो आणि भलतीकडे पोचलो.’

लेखनिक : मग बेटांचा शोध स्वामींनी लाविला असे म्हणावयाचे कशाच्या आधारावर?

बिशप : बेटांना आमचा शोध लागला असं म्हण. त्यांनाही काही फार आनंद झालेला दिसला नाही.

लेखनिक : मी सालामांका येथे दोन वर्षे अध्ययन केले आहे, स्वामी. तेथे—

बिशप : दीड.

लेखनिक : दीड. तेथे गुरुजन सांगत की, राजपत्रात प्रत्येक वाक्यास कमरपट्टा असावा. आता बेटांचे वर्णन असे योजिले आहे : “तेथे स्वामींनी एका विशाल शिळेवर आसनस्थ होऊन प्रार्थना आरंभिली असता, प्रार्थनेच्या प्रभावाने ती शिळा सजीव होऊन चालू लागली.”

बिशप : ते कासव होतं!

लेखनिक : स्वामींनी तेव्हा स्वमुखे म्हटले होते की—

बिशप : मी म्हटलं होतं, ‘मला समाधी लागली.’ पन्नास पावलं मी त्याच भ्रमात गेलो. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि आजूबाजूला खलाशी पोट धरून लोळतायत. लिही, ‘येथील कासवे इतकी थोर की त्यांच्यावर बिशप बसू शकतो, आणि बिशप इतका थोर की त्याला ते कळत नाही.’

लेखनिक : मी फक्त पूर्वार्ध लिहितो.

बिशप : तुझी मर्जी. मग पाण्याचं लिही. मोठ्या बेटाच्या खडकात एका कपारीत गोडं पाणी आहे, बाकी सगळीकडे निवडुंग आणि जळक्या तव्यासारखे दगड. ते पाणी मिळालं नसतं तर हे पत्र लिहायला तू नसतास आणि खोडायला मी नसतो. हे मात्र ठळक लिही.

लेखनिक : लिहिले. आता दुसरा कागद. येथे मुद्रा उठवावी, म्हणजे दोन्ही एकत्र बांधतो. दुपारच्या भरतीस गलबत सुटणार.

बिशप : दुसरा कागद कुठला?

लेखनिक : आचारी क्रिस्पिन याचे आरोपपत्र, स्वामी. “पवित्र शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, सर्वांदेखत कासवाचे मांस भक्षण केले, आणि स्वामींनी हटकले असता उद्धटपणे उलट उत्तर दिले.” त्यालाही याच गलबताने स्पेनला पाठवावयाचे आहे ना! या कोठाराबाहेर बसविला आहे, पायात साखळी घालून.

बिशप : आधी पाण्याचं पुन्हा एकदा वाच.

लेखनिक : तीन वेळा वाचले.

बिशप : मग निवडुंगाचं वाच.

लेखनिक : स्वामी, परवापासून हा कागद दर खेपेस आपण खाली सारीत आहात. आज्ञा तर आपणच केली होती. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात उपासमार नको म्हणून आपण उदार अंतःकरणाने सर्वांस मांसाची मोकळीक दिलीत. चाळीस दिवसांत एकच दिवस राखून ठेविलात. आणि त्या मनुष्याने नेमका तोच निवडला!

बिशप : तो काय म्हणाला होता, तुझ्या कागदावर काय आहे?

लेखनिक : “आज शुक्रवार नसून गुरुवार आहे.”

बिशप : एवढंच ना? त्यात उद्धट काय आहे?

लेखनिक : बिशपास वार सांगणे हाच उद्धटपणा. शिवाय त्याचा आजोबा ग्रानादाचा मूर, मुसलमान. पिकल्या केसांचा झाल्यावर बाप्तिस्मा घेतलेला. अशा घरातल्या माणसाने पवित्र शुक्रवारी मांस खाल्ले तर त्याचा अर्थ काय, ते स्पेनमध्ये कोणासही सांगावे लागत नाही. बाप्तिस्मा वरवरचा, आतून मूरच.

बिशप : नाहीच लागत. तिथे आजोबाचं नाव ऐकलं की कासवाचं कोणी विचारणारच नाही. सेब्रियान, परवाचा दिवस आठवतो? आपण या बंदराला लागलो तो दिवस?

लेखनिक : तो विषय आपण काढावयाचा नाही असे ठरले होते.

बिशप : मी अंगावर सोनेरी झगा चढवला. रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेची घंटा वाजवली, स्वतःच्या हातांनी. आणि गावातले लोक धावत आले ते हातात भाले घेऊन. हल्ला झाला असं वाटलं त्यांना! एक बाई डुकराला मीठ चोळता चोळता तशीच आली. म्हणाली, ‘बिशपस्वामी, आज शनिवार.’

लेखनिक : मी तत्काळ सांगितले की, स्वामी उद्याचा सराव करीत आहेत.

बिशप : हो, आणि इथला तो पोरगेला पाद्री खांबाआड जाऊन हसला. खांब हलत होता.

लेखनिक : पण त्याचा क्रिस्पिनशी संबंध नाही, स्वामी. मी पूर्ण विचारांती सिद्ध केले आहे. आपला एक दिवस पुढे गेला हे मान्य. परंतु तो ईस्टरनंतर गेला. ईस्टरनंतर आपणांस पुन्हा ज्वर आला होता, तेव्हा. म्हणजे ईस्टरपर्यंतचे सर्व वार बरोबर. म्हणजे तो शुक्रवार हा शुक्रवारच.

बिशप : तुला खात्री आहे?

लेखनिक : मला विश्वास आहे.

बिशप : मलाही परवापासून विश्वासच आहे. खात्री करून घ्यायला मी कोणाकडे गेलो नाही, यावरूनच ओळख.

तांडेल : पाद्रीबाबा, येऊ का आत?

लेखनिक : बिशपस्वामी म्हणावे, तांडेल. तीन महिने सांगत आहे.

तांडेल : बिशपस्वामी पाद्रीबाबा, येऊ का? नकाशा आणलाय. बेटांची जागा पक्की करून द्या, म्हणजे मीही शिक्का मारून घेतो. माझा आकडा वेगळा येतो आणि तुमचा वेगळा.

बिशप : किती वेगळा, ओर्तुनो?

तांडेल : दहा-बारा कोस. तुमची बेटं माझ्यापेक्षा तेवढी उत्तरेला जातात.

बिशप : मी स्वतः सूर्य मोजला होता. बरोबर मध्यान्हीला, पितळी चक्र धरून, एक डोळा मिटून. तो डोळा अजून दुखतो.

तांडेल : मोजलात ते झकास मोजलात. माझ्याहून हात स्थिर होता तुमचा. पण मोजलेल्या उंचीत त्या तारखेचा आकडा मिळवावा लागतो ना? सूर्य रोज थोडा सरकतो. कोष्टकात तुम्ही एक ओळ खालची घेतली, मी वरची घेतली. तेवढ्यानं दहा-बारा कोस.

लेखनिक : तांडेल, स्वामी कामात आहेत. हा विषय उद्या—

तांडेल : उद्या गलबत कुठं असतंय इथं? नकाशा आजच त्यावरून जायचाय. पाद्रीबाबा, मला एवढंच सांगा, तुमचा तो दिवस हरवला तो बेटावर सूर्य मोजला त्याच्या आधी, की नंतर? नंतर असेल तर तुमचा आकडा खरा. आधी असेल तर माझा. पुढच्या खेपेला कोणी तहानलेला त्या नकाशावर जाईल, आणि ती कपार शोधायला खुल्या दर्यात घिरट्या घालील.

बिशप : ते तू मला विचारतोस?

तांडेल : मग कोणाला विचारू?

बिशप : ओर्तुनो, तू तीस वर्षं दर्यावर आहेस. तुझ्या वहीत रोजचा वार असतो. तुला माहीत आहे तो कधी हरवला. सांग.

तांडेल : सांगू? मग रागावायचं नाही.

बिशप : रागावण्याचा अधिकार परवा घंटा वाजवली तेव्हाच गेला.

तांडेल : बेटं दिसायच्या आधी, वारा पडून पाच दिवस झाले होते. तुम्हाला ताप भरला. दुपारी शिडाच्या सावलीत आडवे झालात, ते उठलात सूर्य पाण्याला टेकल्यावर. लालभडक गोळा. तुम्ही म्हणालात, ‘अहाहा, काय पहाट आहे!’ आणि घंटा वाजवलीत.

बिशप : संध्याकाळी?

तांडेल : संध्याकाळी. पहाटेची प्रार्थना म्हटलीत, अख्खी. आम्ही सगळे गुडघ्यांवर. प्रार्थना संपता संपता काळोख झाला. तुम्ही वर बघितलंत, म्हणालात, ‘आभाळ भरून आलं,’ आणि पोथीतली रोजच्या प्रार्थनेची फीत एक पान पुढं टाकून पुन्हा झोपलात. सकाळी उठलात. परत घंटा, परत पहाटेची प्रार्थना, परत फीत पुढं.

(तांडेल सांगत असता बिशप हिलारियो यांनी प्रार्थनापोथी उघडिली, मिटली आणि पुन्हा उघडिली. तीतील एखादे पान आपल्या बाजूने साक्ष देईल अशी अंधुक आशा त्यांस वाटत असावी. परंतु पोथी लॅटिन भाषेत होती आणि ती गप्प राहिली.)

बिशप : चौतीस माणसं होती गलबतावर. एकानंही सांगू नये?

तांडेल : कसं सांगणार? ‘पाद्रीबाबा, तो सूर्य बुडतोय’, असं बिशपच्या तोंडावर? पहिल्यांदा वाटलं, दोनदा प्रार्थना म्हटलीत तर बरंच, वारा सुटेल. नंतर लक्षात आलं की ईस्टर एक दिवस आधी येणार. आणि ईस्टरला दारूचं शेवटचं पिंप फोडायचं तुम्ही कबूल केलेलं. मग तर कोणाचीच जीभ उचलेना.

बिशप : तुझीसुद्धा?

तांडेल : मी वहीत खरा वार लिहायचो, आणि तोंडात तुमचा ठेवायचो.

लेखनिक : पण मला तरी कोणी सांगावयाचे होते! मी स्वामींचा लेखनिक!

तांडेल : तुम्ही त्या वेळी कठड्याला टेकून लिहीत होता की. काय ते… ‘उषेची आरक्त प्रभा.’

लेखनिक : …ते वर्णन उत्तम उतरले होते.

बिशप : पश्चिमेला उगवलेल्या सूर्याचं! सेब्रियान, आपण दोघांनी मिळून नवी बेटंच काय, नवी दिशाही शोधली असती.

तांडेल : फक्त क्रिस्पिननं तुमचा वार धरला नाही. त्याचा इलाज नव्हता. रोज माणशी एक मूठ चणे तो भिजत घालतो, वार त्यावरच चालतो त्याचा. तुम्ही दोनदा पहाट केलीत, पण चणे एकदाच भिजले.

बिशप : आणि हे त्यानं मला सांगितलं.

तांडेल : सगळ्यांसमोर सांगितलं. तेवढं चुकलंच त्याचं.

बिशप : नाही. चुकलं ते माझं, आणि केव्हा चुकलं तेही मला ठाऊक आहे. तो ‘गुरुवार’ म्हणाला आणि मी बाहीआड बोटांवर दिवस मोजायला लागलो. खात्री असती तर मोजले कशाला असते? तेवढ्यात मागून कोणीतरी खुदकन हसलं. मी मागं वळून पाहिलं, तर सगळे पायांच्या बोटांकडे बघतायत. मला मांसाचा राग आला नव्हता, ओर्तुनो. त्या हसण्याचा आला. पण हसण्याला साखळी घालता येत नाही, म्हणून आचाऱ्याला घातली.

लेखनिक : स्वामी, माझे ऐकावे. अजून काहीही बिघडलेले नाही. आरोपपत्र मागे घ्यावे, परंतु चूक झाली असे कोठेही म्हणू नये. ‘ईस्टरच्या पवित्र आनंदात स्वामींनी अपराध्यास क्षमा केली.’ आचारी सुटला, स्वामींचे औदार्य दिसले, वार आपापल्या जागी राहिले. तांडेलाने आपला आकडा नकाशावर गुपचूप घालावा.

बिशप : चांगली युक्ती आहे.

लेखनिक : आपली कृपा.

बिशप : इतकी चांगली की मला परवाच सुचली होती.

लेखनिक : मग विलंब कशाचा? स्वामी, आपण या मुलखात कशास आलो? दोन कप्तान सीमेसाठी एकमेकांच्या जिवावर उठले आहेत. कोणाचा मुलूख कोठे संपतो, हे सूर्य मोजून आपण ठरवावयाचे. ज्या बिशपास गुरुवार-शुक्रवार कळेना, त्याने आखलेली रेघ ते मानतील? ते काय म्हणतील, ठाऊक आहे? म्हणतील, ‘हिलारियोस विचारा, आपली सीमा पश्चिमेस उगवते काय!’

बिशप : छान आहे. हे त्यांच्या आधी मीच म्हणून टाकीन. बरं, लिही. ‘क्षमा केली.’

तांडेल : पाद्रीबाबा, एक सांगू? क्रिस्पिनला क्षमेचं मी कालच बोललो होतो. तुमचा स्वभाव माहीत आहे, म्हटलं, माफ करतील. तर म्हणाला, नको.

लेखनिक : नको? क्षमा नको म्हणतो? बघा, स्वामी, उद्धटपणा!

तांडेल : तो म्हणतो, माफी मिळालेला मूर म्हणजे पकडला गेलेला मूर. पुढच्या वेळी कोणाचं दूध नासलं तरी माझ्याकडेच बोट दाखवतील. आणि म्हणतो, मी शुक्रवार पाळला, मग माफी कशाची?

बिशप : पाळला म्हणजे? त्यानं खाल्लं तो गुरुवार होता, ते कबूल. पण पाळला कधी?

तांडेल : दुसऱ्या दिवशी. खऱ्या शुक्रवारी.

बिशप : दुसऱ्या दिवशी… थांब. माझा शुक्रवार जर गुरुवार होता, तर माझा शनिवार… ओर्तुनो, त्या शनिवारी आपण काय जेवलो?

तांडेल : जाऊ द्या ना.

बिशप : काय जेवलो?

तांडेल : कासवाचा रस्सा.

बिशप : मी?

तांडेल : तुम्ही दोनदा मागितलात.

लेखनिक : देवा!

बिशप : केला कोणी? क्रिस्पिन तर साखळीत होता.

तांडेल : चुलीलाच तर बांधलं होतं त्याला. दुसऱ्या कोणाला येतो कासवाचा रस्सा? त्यानंच केला. वाढलासुद्धा. त्याच्या वाटणीची वाटी मी त्याच्यापुढं ठेवली, तर परत सारली. म्हणाला, आज नको. आम्हाला वाटलं, रुसलाय.

बिशप : चौतीस ख्रिस्ती माणसं, त्यांत एक बिशप आणि एक सालामांकाचा दीड वर्षाचा विद्वान. आणि प्रभूच्या मरणाचा दिवस गलबतावर पाळला तो एकट्या त्या मुराच्या नातवानं. भरलेलं पातेलं पुढ्यात असताना.

लेखनिक : अजाणता घडलेले पाप हे पाप नव्हे, स्वामी. शास्त्रात तसे आहे.

बिशप : आहे. आणि मी अजाणता राहावं म्हणून केवढे कष्ट घेतले, तेही तुझ्या कागदावर आहे. त्या आरोपपत्राचं काय करायचं? आण इकडे. याला मुद्रा नाही लागणार. ओर्तुनो, हे घे, जा, त्याच्या पायातली साखळी तूच काढ आणि हा कागद त्याच्या हातात दे. चुलीत घालू दे, नाहीतर उशाशी ठेवू दे. आणि सांग की, माफी मिळालेली नाही.

तांडेल : तेवढंच सांगू? घाबरेल तो.

बिशप : सांग, बिशपच ती मागायला येतो आहे, एवढं पत्र झालं की. आणि नकाशावर तुझाच आकडा घाल. गुपचूप नको. ‘बिशपचा आकडा चूक’ असं शेजारी लिहून घाल.

तांडेल : मला पण काही शिक्षा असेल ना, पाद्रीबाबा? तोंडात तुमचा वार ठेवल्याबद्दल?

बिशप : ईस्टरच्या पिंपातले किती पेले प्यालास?

तांडेल : …चार.

बिशप : चार दिवस पाणी पी. जा आता. सेब्रियान, नवा कागद घे. ‘राजेसाहेबांस विदित व्हावे की, मी, त्यांचा बिशप हिलारियो, याने प्रवासात एक गुरुवार गमावला.’

लेखनिक : “कालगणनेत किंचित विपर्यास झाला.”

बिशप : किंचित खोड. विपर्यास खोड. ‘संध्याकाळला पहाट समजलो.’

लेखनिक : स्वामी, हे वाक्य राजसभेत मोठ्याने वाचले जाईल.

बिशप : म्हणूनच सोपं ठेव. ‘त्यामुळे तेहतीस जणांना शनिवारी ईस्टर साजरा करावयास लाविला, त्याचा दोष त्यांच्याकडे नाही. आचारी क्रिस्पिन याने मला खरा वार सांगितला असता, मी त्यास साखळी घातली. त्याने पवित्र शुक्रवार यथाविधि पाळला; मी पाळला नाही.’ झालं?

लेखनिक : स्वामी, अक्षरे नीट येत नाहीत. या पत्राने मला दरबारात लेखनिकाची जागा मिळेल असे मी आईस कळविले होते.

बिशप : मिळेल. सत्य इतकं वेडंवाकडं असताना सुंदर अक्षरात लिहिणारा माणूस त्यांना दुसरा कुठे सापडणार? लिही पुढे. ‘सीमेचे काम हाती घेण्यापूर्वी मी तांडेल ओर्तुनो यास शेजारी उभा करून सूर्य मोजीन, आणि तो हो म्हणेपर्यंत आकडा उच्चारणार नाही. राजेसाहेबांस दुसरा बिशप धाडावयाचा असल्यास धाडावा. तोवर मी कामास लागतो.’

लेखनिक : आणि पापनिवेदन? त्यास तर दुसरा पाद्री हवा. या बंदरात तर एकच आहे… तो. खांबाआडचा.

बिशप : त्याच्याकडेच जाणार. या वेळी खांबाआड जायची त्याला गरज नाही, समोरच हसू दे. आता शेवटचं कलम. ‘सदर खऱ्या पवित्र शुक्रवारी बिशपाने स्वतः कासवाचा रस्सा भक्षण केला, दोनदा.’

लेखनिक : लिहिले. स्वामी… “दोनदा” हा एक शब्द तरी गाळू? अर्थास बाध येत नाही.

बिशप : राहू दे. आणि त्याच्यापुढे लिही, रस्सा फार चांगला झाला होता. त्या दिवशी त्याला सांगायचं राहून गेलं.